खडकातील युरेनियम, वाळूतील विरल धातू : आयन-विनिमय राळेचे कार्य

विहिरीचे पाणी जड असले की साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ तासन्‌तास चुलीवर ठेवूनही शिजत नाही आणि हंड्याच्या तळाशी पांढरा थर साचतो. महाराष्ट्रातील खेडोपाडी हा अनुभव नवा नाही. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार हे त्याचे कारण होय. असे दुष्फेन पाणी सुफेन करण्यासाठी कारखान्यांत आणि शहरांतील मोठ्या वसाहतींत एक उंच टाकी बसविलेली असते. तिच्यात खसखशीएवढे पिवळसर तांबूस मणी भरलेले असतात. पाणी वरून आत येते, मण्यांमधून झिरपते आणि खालून बाहेर पडते. तोवर त्यातील कॅल्शियम मण्यांपाशी राहून गेलेले असते. काही काळाने मण्यांची शक्ती संपते. मग त्यांवरून मिठाचे पाणी सोडले की ते पुन्हा कामास सिद्ध होतात.

याच कुळातील मणी झारखंडमधील जादुगुडा येथे खडकाच्या अर्कातून युरेनियम वेगळे करतात. एकमेकांपासून ओळखूही न येणाऱ्या विरल मृत्तिका धातूंची फाळणी त्यांनीच प्रथम सुलभ केली. अणुभट्टीतून निघालेल्या टाकाऊ द्रवातील घातक सीझियम मुंबईजवळ तुर्भे येथे याच मार्गाने पकडले जाते. या मण्यांना आयन-विनिमय राळ असे म्हणतात. अणुशक्ती, विजेवर चालणारी वाहने आणि पिण्याचे पाणी या तीनही गोष्टींशी तिचा संबंध असल्याने तिची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

मातीने शिकविलेला धडा

आयन-विनिमयाचा पहिला धडा प्रयोगशाळेत नव्हे, शेतीत मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील शेतकऱ्यांपुढे एक प्रश्न होता. शेणखतातील अमोनिया हे पिकाचे अन्न. ते पाण्यात सहज विरघळते. मग पावसाबरोबर ते जमिनीतून वाहून का जात नाही? एच. एस. टॉम्पसन या जमीनदाराने मातीने भरलेल्या नळीत अमोनियम सल्फेटचा विद्राव ओतला. खालून आलेल्या पाण्यात अमोनियम जवळजवळ नव्हते. त्याऐवजी कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, निघाले. जे. टी. वे या कृषिरसायनज्ञाने त्यापुढे पद्धतशीर प्रयोग केले. दोघांचेही निष्कर्ष १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. मातीने अमोनियम स्वतःकडे ठेवून घेतले होते आणि त्याच्या बदल्यात आपल्याजवळचे कॅल्शियम सोडून दिले होते.

ही देवघेव कशी होते? मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचे सोडियम व क्लोराइड असे दोन भाग होतात. सोडियमवर धन विद्युत् भार असतो, क्लोराइडवर ऋण. अशा विद्युत् भारित कणांना आयन म्हणतात. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर ऋण भार असतो आणि तो समतोल राखण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांसारखे धन आयन पापुद्र्यांना चिकटून असतात. ते पक्के जखडलेले नसतात. दुसरा धन आयन आला तर पहिला आपली जागा त्यास देऊन पाण्यात निघून जातो. दख्खनची काळी माती या गुणात विशेष संपन्न आहे. तिला घातलेले खत ती लवकर दवडत नाही, याचे एक कारण हेच होय.

पुढे १९०५ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी सोडियम, ॲल्युमिनियम व सिलिका यांपासून कृत्रिम विनिमयकारक पदार्थ तयार करून तो पाणी सुफेन करण्यासाठी वापरला. तथापि असे खनिज पदार्थ अम्लात टिकत नसत. खडकातील धातू विरघळविण्यासाठी तर तीव्र अम्लच लागते. म्हणून धातुकामात या कल्पनेचा शिरकाव होण्यास आणखी काही दशके जावी लागली.

राळेचा मणी

१९३५ मध्ये बी. ए. ॲडम्स व ई. एल. होम्स या दोन इंग्रज रसायनज्ञांनी बेकेलाइटच्या जातीच्या कृत्रिम राळेत आयनांची अदलाबदल करण्याचा गुण असल्याचे दाखविले. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांच्या चुऱ्यात त्यांना हा गुण प्रथम आढळला, असे सांगितले जाते. त्यानंतर १९४० ते १९५० या दशकात अमेरिकेत जी. एफ. डालेलिओ यांनी पॉलिस्टायरीनची राळ सिद्ध केली. आजची बहुतेक राळ त्याच वंशातील आहे.

या मण्याची रचना समजण्यास सोपी आहे. पॉलिस्टायरीनच्या लांबच लांब साखळ्या डायव्हिनिल बेंझीन या पदार्थाच्या आडव्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. त्यामुळे मणी पाण्यात फुगतो, पण विरघळत नाही. साखळ्यांवर ठिकठिकाणी विद्युत् भारित गट कायमचे जोडलेले असतात. गंधकाम्लाची प्रक्रिया केली तर हे गट ऋण भाराचे होतात आणि राळ धन आयन धरते. नायट्रोजनयुक्त गट जोडले तर ते धन भाराचे होतात आणि राळ ऋण आयन धरते. आत शिरणारे पाणी मण्याच्या सूक्ष्म वाटांनी फिरते आणि प्रत्येक गटापाशी आयनांची भेट घडविते.

एस. टी. च्या गाडीची उपमा येथे चपखल बसते. गाडीत आसने मोजकी आहेत आणि एकही आसन रिकामे ठेवावयाचे नाही, असा नियम आहे असे समजावे. नवा प्रवासी बसावयाचा तर जुन्याने उठलेच पाहिजे. कॅल्शियमवर दोन भार असल्याने तो दोन आसने घेतो आणि दोन सोडियमना उठावे लागते. जास्त भाराचा प्रवासी आसन सहसा सोडत नाही. मात्र दाराशी सोडियमची प्रचंड गर्दी लोटली, म्हणजेच मिठाचे तीव्र पाणी सोडले, तर त्यालाही उठावे लागते. राळेच्या सर्व उपयोगांचे मर्म या दोन गोष्टींत आहे : विरळ विद्रावात हव्या त्या आयनास प्राधान्याने धरावयाचे आणि तीव्र विद्रावाच्या साहाय्याने त्यास थोड्या द्रवात सोडवून घ्यावयाचे.

खंडीला अर्धा शेर

युरेनियम ही पृथ्वीवर सर्वत्र थोडीथोडी विखुरलेली धातू आहे. कामाच्या खडकातही तिचे प्रमाण अत्यल्प असते. जादुगुडाच्या खनिजात ते शेकडा ०.०६ च्या आसपास, म्हणजे एका टनात सुमारे ६०० ग्रॅम आहे. जुन्या मापात सांगावयाचे तर खंडीला जेमतेम अर्धा शेर. उरलेला सारा खडक निरुपयोगी असतो. तो दळावा लागतो, अम्लात भिजवावा लागतो आणि शेवटी कोठेतरी ठेवावाही लागतो.

तत्कालीन बिहारमधील सिंहभूम जिल्ह्यात जादुगुडाच्या साठ्याचा शोध १९५१ मध्ये लागला. भारतीय युरेनियम निगमाची स्थापना ऑक्टोबर १९६७ मध्ये झाली आणि १९६८ मध्ये येथील प्रक्रिया कारखाना सुरू झाला. प्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत. खडक प्रथम फोडून पिठासारखा बारीक दळला जातो. या पिठाचा पाण्यात केलेला राडा उंच टाक्यांमध्ये गंधकाम्लाबरोबर हवेच्या झोताने घुसळला जातो. खनिजातील युरेनियमचा काही भाग सहज विरघळणाऱ्या अवस्थेत नसतो. त्यास त्या अवस्थेत आणण्यासाठी मँगॅनीज डायऑक्साइड घातले जाते. नंतर गाळ वेगळा काढून स्वच्छ विद्राव राळेच्या स्तंभांवर नेला जातो.

खरी गंमत येथे आहे. अम्लाने युरेनियमबरोबर लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असे अनेक धातू विरघळविलेले असतात आणि त्यांचे प्रमाण युरेनियमहून अधिक असते. या गर्दीतून एकट्या युरेनियमला कसे निवडावयाचे? गंधकाम्लात युरेनियमभोवती सल्फेटचे तीन गट जमतात आणि त्या समुच्चयावर एकूण चार ऋण भार येतात. इतर धातू बहुतांशी धन आयनांच्याच रूपात राहतात. म्हणून ऋण आयन धरणारी राळ वापरली की युरेनियम मण्यांवर थांबते आणि बाकीचा लवाजमा पुढे वाहून जातो. स्तंभ भरला की आम्लयुक्त मिठाच्या विद्रावाने युरेनियम उतरवून घेतले जाते. ते आता पूर्वीपेक्षा कितीतरी कमी द्रवात आणि कितीतरी अधिक शुद्ध असते. शेवटी त्यात मॅग्नेशिया मिसळून मॅग्नेशियम डाययुरेनेटचा पिवळा साका पाडला जातो. हा साका हैदराबाद येथील अणुइंधन संकुलाकडे पाठविण्यात येतो आणि तेथे अणुभट्ट्यांचे इंधन तयार होते.

राळेचा असा वापर करणारा जगातील पहिला मोठा कारखाना दक्षिण आफ्रिकेत वेस्ट रँड येथे १९५२ मध्ये उभा राहिला. तेथे सोन्याच्या खाणींतून निघालेल्या टाकाऊ गाळात अल्प प्रमाणात युरेनियम होते. सोने काढण्यासाठी पूर्वी वापरलेल्या सायनाइडमुळे कोबाल्टचे एक संयुग तयार होई आणि ते राळेला इतके घट्ट धरून बसे की युरेनियमला जागाच उरत नसे. या प्रकारास तंत्रज्ञ राळेची विषबाधा म्हणतात. सिलिकाचाही असाच उपद्रव होतो. आज जगातील सर्वांत मोठा युरेनियम उत्पादक देश कझाकस्तान हा आहे. तेथे खडक वर आणलाच जात नाही. भूगर्भातील वाळूच्या थरात नळांवाटे अम्ल सोडतात, युरेनियमयुक्त पाणी वर उपसतात आणि ते राळेवरून नेतात.

राळ प्रत्येक ठिकाणी लागतेच असे नाही. आंध्र प्रदेशातील तुम्मलपल्ले येथील खनिज चुनखडीसदृश खडकात आहे. त्यावर अम्ल घातले तर ते खडकातच वाया जाईल. म्हणून तेथे सोड्याच्या विद्रावाची निराळी पद्धत योजलेली आहे. खडक जसा असेल तशी पद्धत, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

सतरा भावंडांचा गुंता

विरल मृत्तिका हे नाव फसवे आहे. या गटातील सेरियम हा धातू पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतका आढळतो. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५ मूलद्रव्ये आणि त्यांच्याच स्वभावाची स्कँडियम व इट्रियम अशी एकूण १७ भावंडे या गटात मोडतात. विरळ आहे ती त्यांची शुद्ध अवस्था. ती सर्व एकाच खनिजात एकत्र राहतात, बहुतेकांवर सारखेच तीन धन भार असतात आणि रासायनिक वर्तनही जवळपास एकच असते. स्वीडनमधील इटरबी या एका लहानशा गावाच्या खाणीतील खनिजांवरून इट्रियम, टर्बियम, एर्बियम व इटर्बियम अशी चार नावे पडली, यावरून त्यांचा गुंता ध्यानी यावा.

पूर्वी ही मूलद्रव्ये वेगळी करण्यासाठी त्यांच्या क्षारांचे स्फटिक पुनःपुन्हा बनवावे लागत. अमेरिकेत चार्ल्स जेम्स यांनी शुद्ध थुलियम मिळविण्यासाठी सुमारे १५ हजार वेळा स्फटिकीकरण केले. त्यांचा हा निष्कर्ष १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. मनुष्याच्या चिकाटीची ती कसोटी होती. उद्योगधंद्याला मात्र अशी पद्धत परवडणारी नव्हती.

या भावंडांत एक सूक्ष्म फरक आहे. लँथॅनमकडून ल्युटेशियमकडे जाताना अणुभार वाढत जातो, पण आयनाचा आकार क्रमाक्रमाने लहान होतो. हा फरक शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अगदी नगण्य असतो. राळेच्या लांब स्तंभाने या नगण्य फरकाचाच लाभ घेतला. स्तंभाच्या माथ्यावर मिश्रण चढवावयाचे आणि वरून सायट्रिक अम्लासारख्या पदार्थाचा विद्राव हळूहळू सोडावयाचा. हा पदार्थ लहान आयनाला अधिक आवडीने धरतो. त्यामुळे ल्युटेशियम राळेवरून जरा लवकर सुटते, लँथॅनम जरा उशिरा. सुटलेला आयन थोडे खाली जाऊन पुन्हा राळेवर बसतो, पुन्हा सुटतो. स्तंभ उतरेपर्यंत ही उठाबस असंख्य वेळा घडते आणि प्रत्येक वेळी अंतर थोडे वाढते. शेवटी एकेक धातू आपापल्या पट्ट्यात, पंढरीच्या वाटेवरील दिंड्यांप्रमाणे क्रमाने, खाली येतो. जेम्स यांनी हातांनी हजारो वेळा केले ते काम स्तंभ आपोआप करू लागला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील अणुसंशोधनात या पद्धतीचा विकास झाला. युरेनियमचा अणू फुटला की त्याच्या तुकड्यांत विरल मृत्तिका मूलद्रव्ये मोठ्या प्रमाणावर असतात. ती ओळखणे आवश्यक होते. ओक रिज येथील व आयोवा राज्यातील एम्स येथील शास्त्रज्ञांनी हे काम केले आणि युद्धानंतर, १९४७ मध्ये, ते जगापुढे मांडले. एम्स येथे फ्रँक स्पेडिंग यांच्या मार्गदर्शनाखाली शुद्ध विरल धातू ग्रॅमऐवजी किलोग्रॅमच्या मापाने मिळू लागले.

मोजक्या अणूंची ओळख

राळेच्या सूक्ष्म निवडशक्तीची परीक्षा नव्या मूलद्रव्यांच्या शोधात झाली. आवर्त सारणीत ६१ व्या क्रमांकाची जागा अनेक वर्षे रिकामी होती. १९४५ मध्ये ओक रिज येथे मॅरिन्स्की, ग्लेंडेनिन व कोरिएल यांनी विखंडनातून निघालेल्या मिश्रणात राळेच्या स्तंभाने ते मूलद्रव्य वेगळे करून दाखविले. त्यास पुढे प्रोमेथियम हे नाव मिळाले. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे १०१ वे मूलद्रव्य मेंडेलीव्हियम तयार झाले, तेव्हा त्याचे अवघे १७ अणू हाती आले होते. ते अणू राळेच्या स्तंभातून नेमक्या कोणत्या थेंबात बाहेर पडतात, यावरून त्यांची ओळख पटविण्यात आली. तराजूत न भरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या १७ अणूंची साक्ष राळेने दिली.

टेकडीच राळ होते तेव्हा

निसर्गानेही विरल धातूंसाठी आयन-विनिमयाचे स्तंभ रचून ठेवले आहेत. दक्षिण चीनमधील जिआंगशी प्रांतात १९६९ मध्ये एक वेगळ्याच प्रकारचा साठा सापडला. उष्ण व दमट हवेत ग्रॅनाइटचे खडक कुजून त्यांची चिकणमाती झाली होती आणि खडकातून सुटलेले विरल धातूंचे आयन त्या मातीच्या पापुद्र्यांना चिकटून बसले होते. ते सोडविण्यासाठी दळण नको, भट्टी नको. अमोनियम सल्फेटचा विद्राव टेकडीवर सोडला की अमोनियम मातीवर बसते आणि विरल धातू पाण्याबरोबर पायथ्याशी येतात. टॉम्पसन व वे यांनी १८५० मध्ये मातीच्या नळीत पाहिलेला प्रयोग येथे अख्ख्या टेकडीवर होऊ लागला.

डिस्प्रोशियम व टर्बियम यांसारखे जड विरल धातू या मातीत विशेष मिळतात. विजेवरील वाहनांच्या मोटारींतील चुंबके उष्णतेत टिकावीत म्हणून त्यांची गरज असते. परंतु या सोपेपणाची किंमत स्थानिक लोकांना मोजावी लागली. झाडे तोडलेल्या टेकड्या खचल्या, ओढ्यांच्या पाण्यात अमोनिया उतरला आणि शेतीचे नुकसान झाले.

भारताचा साठा वेगळा आहे. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश व ओडिशा यांच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनॅझाइट हे खनिज आढळते. त्यात विरल धातूंबरोबर शेकडा ८ ते १० थोरियम ऑक्साइड असते. म्हणूनच ते अणुशक्तीच्या दृष्टीने संरक्षित मानले गेले आहे. अणुऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनॅझाइट आहे. महाराष्ट्राचा वाटा त्यात नाममात्र आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रेअर अर्थ्‌स या कंपनीने केरळातील आलुवा येथे या वाळूवर प्रक्रिया सुरू केली आणि त्यातील थोरियमच्या शुद्धीकरणासाठी १९५५ मध्ये तुर्भे येथे कारखाना उभारण्यात आला.

आज विरल धातूंच्या मोठ्या उत्पादनात राळेची जागा बहुतांशी द्रव-निष्कर्षणाने घेतली आहे. या पद्धतीत पाणी व तेलासारखा द्रव टाक्यांच्या लांब रांगेत एकमेकांत घुसळून धातू वेगळे करतात. ती अखंड चालते आणि स्वस्त पडते. अत्युच्च शुद्धतेची गरज असेल तेथे राळ अद्याप कामास येते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा वाहनउद्योगाला चुंबकांची टंचाई जाणवली. खनिज असणे आणि त्याचे विलगीकरण करता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या वेळी सर्वांना कळून आले. केंद्र शासनाने जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांसाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली, तिचे प्रयोजनही हेच आहे.

टाकाऊ द्रवाची राखण

अणुभट्टीतून काढलेल्या इंधनावर प्रक्रिया करताना किरणोत्सर्गी टाकाऊ द्रव तयार होतो. त्यात सीझियम-१३७ हा मुख्य उपद्रवी घटक असतो. त्याची किरणोत्सर्गिता निम्मी होण्यास सुमारे ३० वर्षे लागतात. काही टाकाऊ द्रवांत सीझियम थोडे आणि त्याच्याच स्वभावाचे सोडियम अतोनात असते. सामान्य राळ अशा ठिकाणी सोडियमनेच भरून जाईल. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी रेसॉर्सिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून एक खास राळ तयार केली. ती सोडियमच्या गर्दीतूनही सीझियम निवडून घेते. सीझियम मग विरल नायट्रिक अम्लाने थोड्या द्रवात उतरवून घेतात. मोठ्या टाकीभर द्रवाची चिंता अशा रीतीने लहानशा भांड्यात आणून ठेवता येते. घातक द्रव्य यामुळे नाहीसे होत नाही. त्याचा पसारा आटोपशीर होतो आणि त्यावर पहारा ठेवणे शक्य होते.

सावधगिरीचे दोन धडे

राळ हा शेवटी सेंद्रिय पदार्थ आहे आणि तीव्र नायट्रिक अम्लाशी त्याचे जमत नाही. अमेरिकेतील हॅनफोर्ड येथे १९७६ मध्ये याचा दारुण प्रत्यय आला. अमेरिसियम या किरणोत्सर्गी धातूने भरलेला राळेचा स्तंभ संपामुळे काही महिने तसाच पडून राहिला होता. ऑगस्टअखेर काम पुन्हा सुरू करताना त्यात नायट्रिक अम्ल सोडले गेले आणि स्तंभाचा स्फोट झाला. समोर उभा असलेला ६४ वर्षांचा कामगार जखमी झाला व त्याच्या शरीरात अमेरिसियम शिरले. दीर्घ उपचारांनंतर तो आणखी ११ वर्षे जगला. तथापि त्याला बरेच महिने इतरांपासून दूर राहावे लागले. किरणोत्सर्गी द्रव्याने भरलेली राळ पडून ठेवू नये, हा नियम या घटनेने अधोरेखित केला.

दुसरा धडा गाळाचा आहे. खंडीभर खडकातून अर्धा शेर युरेनियम काढले, तर उरलेली खंडी गाळाच्या तळ्यात जाते. रेडियम गंधकाम्लात जवळजवळ विरघळत नसल्याने खडकातील किरणोत्सर्गितेचा मोठा भाग या गाळातच राहतो. गाळ चुन्याने शांत करून बांध घातलेल्या तळ्यांत साठवितात आणि बाहेर सोडावयाच्या पाण्यावर प्रक्रिया करतात. डिसेंबर २००६ मध्ये जादुगुडा येथे गाळ वाहून नेणारी नळी फुटली व गाळ जवळच्या नाल्यात गेला. परिसरातील ग्रामस्थांनी या तळ्यांविषयी वेळोवेळी चिंता व्यक्त केली आहे. राळेने कितीही कौशल्याने धातू वेचला तरी त्या उद्योगाची खरी कसोटी मागे राहिलेल्या गाळाच्या व्यवस्थेत असते. खाणीशेजारच्या गावांना पाण्याच्या तपासणीचे आकडे नियमितपणे व समजेल अशा भाषेत मिळणे, हा त्या व्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे.

गावाच्या पाण्यापर्यंत

युरेनियमचा प्रश्न खाणीपुरता मर्यादित नाही. पंजाब, हरियाणा, राजस्थान अशा काही राज्यांत खोल कूपनलिकांच्या पाण्यात खडकातून उतरलेले नैसर्गिक युरेनियम आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मार्गदर्शक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुचविली आहे. याहून अधिक युरेनियम दीर्घकाळ पोटात गेल्यास मूत्रपिंडांना अपाय होण्याचा संभव असतो. पाणी उकळल्याने ते जात नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पाणी सुफेन करणारी नेहमीची टाकी युरेनियम काढील, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. भूजलात युरेनियम बहुधा कार्बोनेटशी जोडलेले, म्हणजे ऋण आयनाच्या रूपात असते. सुफेन करणारी राळ धन आयन धरते. त्यासाठी ऋण आयन धरणारी राळच हवी. शिवाय राळेने धरलेले युरेनियम ती मिठाच्या पाण्याने धुताना पुन्हा बाहेर येते. ते धुवण गावातील गटारात किंवा ओढ्यात सोडले, तर प्रश्न एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत जाईल. जलशुद्धीकरणाचे कोणतेही यंत्र घेताना ग्रामपंचायतीने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : आमच्या पाण्यात नेमके काय आहे, हे प्रयोगशाळेने तपासले आहे काय? हे यंत्र नेमके काय काढते? आणि काढलेले द्रव्य शेवटी कोठे जाते?

शाळेत करण्याजोगा प्रयोग

आयनांची ही निवड विद्यार्थ्यांना अल्प साहित्यात दाखविता येते. बूड कापलेल्या दोन बाटल्या उलट्या टांगून त्यांच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवावा. काळी माती धुतलेल्या वाळूत मिसळून दोन्हींत सारख्या उंचीपर्यंत भरावी. नुसती काळी माती घेतल्यास पाणी तुंबते, म्हणून वाळू हवी. एकीत मेथिलिन ब्ल्यू या निळ्या रंगाचा आणि दुसरीत इओसिन या तांबड्या रंगाचा अगदी फिकट विद्राव हळूहळू ओतावा. निळ्या रंगाचा आयन धन भाराचा असल्याने माती त्यास धरून ठेवते आणि खालून जवळजवळ रंगहीन पाणी येते. तांबडा रंग ऋण भाराचा असल्याने तो मातीतून तसाच बाहेर पडतो. एकाच मातीने एकाला थांबविले व दुसऱ्याला वाट दिली, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले की राळेचे तत्त्व त्यांना सांगावे लागणार नाही.

शेतातील माती अमोनियम का सोडत नाही, या साध्या प्रश्नापासून निघालेली ही विद्या अणुभट्टीच्या इंधनापर्यंत पोचली. धातू वेचण्याची युक्ती माणसाने मातीकडूनच घेतली आहे. धातू वेचून झाल्यावर जे उरते ते पुन्हा त्याच मातीच्या पदरात पडते. ते कसे व कोठे ठेवावयाचे, याचा विचार पहिल्या दिवसापासून करणे हे शास्त्रज्ञ, शासन आणि गाव या तिघांचेही काम आहे.